पिवळे पारपत्र आणि संगणकाचे दार

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ (१८६२) या कादंबरीची आपल्याकडील चर्चा बहुधा चोरलेला पाव, चांदीच्या दीपदाण्या आणि बिशपची करुणा यांच्याभोवती फिरते. तिच्यातील एक तपशील मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. एकोणीस वर्षे सक्तमजुरी भोगून सुटलेला ज्याँ व्हालज्याँ नाव बदलून एका गावात येतो आणि तेथील काळ्या मण्यांच्या जुन्या उद्योगात तांत्रिक सुधारणा करतो. राळेच्या जागी तो लाख वापरतो आणि बांगड्यांच्या पत्र्याच्या कड्या डाग देऊन जोडण्याऐवजी नुसत्या जुळवून बसवतो. एवढ्याशा बदलाने उत्पादनखर्च उतरतो, गाव सुबत्ता पाहते आणि व्हालज्याँ कारखानदार व पुढे नगराध्यक्ष होतो. हे शक्य होते याचे कारण ह्यूगोने अगदी जाता जाता सांगितले आहे. व्हालज्याँ गावात आला त्याच संध्याकाळी तेथे आग लागली होती. त्याने आगीत उडी घेऊन दोन मुले वाचवली. ती निघाली पोलिस-अधिकाऱ्याची, आणि त्या धांदलीत त्याचे पारपत्र तपासायचे राहून गेले. शिक्षा भोगून सुटलेल्यांचे पारपत्र पिवळे असे.

शिक्षेची नोंद आणि तांत्रिक व्यवसाय यांच्या संबंधाचे इतके नेमके चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल असे आम्हांस वाटते. येथील क्रम ध्यानात घ्यावा. प्रश्न आधी विचारला गेला नाही आणि कौशल्य नंतर प्रकट झाले. आपल्या काळातील संगणक-व्यवसायाविषयी असा एक लोकप्रिय समज आहे की या क्षेत्रात कूळ, पदवी वा पूर्वायुष्य कोणी विचारीत नाही, काम येते की नाही एवढेच पाहिले जाते. हा समज कितपत खरा आहे, आणि खरा असेल तर कोणासाठी, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संगणक-गुन्ह्यांचा कायदा आणि संगणकाचा उद्योग हे दोन्ही प्रामुख्याने अमेरिकेत घडले. म्हणून प्रारंभ तेथून करू आणि मग आपल्याकडे येऊ.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवर एक स्वयंप्रसारी प्रणाली सोडली. ज्या यंत्रावर तिची प्रत आधीच आहे तेथेही सातांतून एकदा तिने पुन्हा स्वतःला उतरवावे, अशी तिची रचना होती. ते प्रमाण फार ठरले आणि यंत्रे प्रतींच्या ओझ्याखाली ठप्प होऊ लागली. बाधित यंत्रांचा तेव्हाचा अंदाज सुमारे सहा हजारांचा, म्हणजे जाळ्यातील साधारण दर दहांतील एकाचा होता. १९८६ च्या संगणक-गैरव्यवहारविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेल्या अगदी पहिल्या व्यक्तींमध्ये मॉरिसची गणना होते. १९९० साली त्याला तीन वर्षे प्रोबेशन, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड अशी शिक्षा झाली. तुरुंगवास झाला नाही.

त्यापुढील चरित्र असे आहे. १९९५ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्यासह ‘व्हायावेब’ ही कंपनी काढली. १९९८ मध्ये ती ‘याहू’ने विकत घेतली. १९९९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी एमआयटीमध्ये अध्यापकपद. २००५ मध्ये नवउद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या ‘वाय कॉम्बिनेटर’च्या संस्थापकांत नाव, २००६ मध्ये एमआयटीतील कायम प्राध्यापकपद आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्यत्व. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला समाजाने पुन्हा आपलेसे केल्याचे हे उदाहरण निःसंशय आनंददायक आहे. परंतु या चरित्राचा दुसरा घटकही वाचायला हवा. मॉरिसचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते आणि तो स्वतः हार्वर्ड-कॉर्नेलच्या वर्तुळातला होता. शिक्षा लागण्यापूर्वी त्याची कहाणी वाचू शकणारे, ती वाचण्याची इच्छा असणारे वाचक त्याच्याभोवती जमलेलेच होते.

केव्हिन मिटनिकची वाट याहून खडतर होती. १५ फेब्रुवारी १९९५ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे तो पकडला गेला आणि २१ जानेवारी २००० रोजी सुटला. सुटकेनंतरही तीन वर्षे त्याला इंटरनेट वर्ज्य होते. संगणकाखेरीज दुसरी विद्या नसलेल्या माणसाला त्याच विद्येची बंदी! शिवाय आपल्या गुन्ह्यांची कथा विकून सात वर्षे नफा कमवायचा नाही, अशीही अट होती. साहित्याच्या अभ्यासकांनी या अटीपाशी क्षणभर थांबावे. न्यायसंस्थेने एका माणसाच्या आत्मचरित्राला मुदत घातली होती. अर्थात वृत्तपत्रांना आणि इतर लेखकांना तीच कथा सांगण्याची मुभा होतीच. मिटनिकने मधल्या काळात, २००२ मध्ये, माणसांना बोलण्यात गुंतवून गुपिते काढून घेण्याच्या तंत्रावर पुस्तक लिहिले. आत्मचरित्र आले ते २०११ मध्ये. तोवर ज्या प्रकारच्या कंपन्यांच्या यंत्रणांत तो पूर्वी शिरला होता, तशाच कंपन्या त्याला पैसे देऊन आपल्या यंत्रणांच्या फटी दाखवायला बोलावू लागल्या होत्या. २०२३ साली तो वारला तेव्हा मृत्युलेखांनी त्याला ‘जगातील सर्वांत प्रसिद्ध हॅकर’ म्हणूनच निरोप दिला.

तिसरे नाव केव्हिन पोलसन याचे. लॉस एंजेलिसच्या एका नभोवाणी केंद्राच्या दूरध्वनीवाहिन्या ताब्यात घेऊन स्पर्धेतील पोर्श मोटार जिंकणारा हा तरुण १९९१ मध्ये पकडला गेला आणि सुमारे पाच वर्षे कोठडीत राहिला. सुटल्यावर तो पत्रकार झाला. संगणक-सुरक्षेवर लिहू लागला, पुढे ‘वायर्ड’मध्ये संपादक झाला. २००६ मध्ये त्याने लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदवह्यांतील नावे ‘मायस्पेस’च्या सभासदांशी एका प्रणालीने ताडून पाहिली आणि शेकडो जुळण्या शोधल्या; त्यातून अटकही झाली. कामाच्या उपयुक्ततेविषयी शंका नाही. पण ज्याच्या स्वतःच्या नावावर नोंद आहे, त्यानेच इतरांच्या नोंदी यंत्राने वाचण्याची ही रीत रूढ करण्यास हातभार लावावा, यातील विपर्यास नजरेआड करता येत नाही.

या तिघांच्या चरित्रांत एक समान सूत्र दिसते. त्यांचा गुन्हा हाच त्यांच्या कौशल्याचा दाखला होता. न्यायालयाने जे दोषारोपपत्र म्हणून वाचले, ते उद्योगाने प्रशस्तिपत्र म्हणून वाचले. याला क्षमा म्हणता येईल का? क्षमेत अपराध दिसूनही तो बाजूला ठेवला जातो. येथे अपराध बाजूला ठेवलेला नाही. त्याचेच मोल केलेले आहे. ज्याचा गुन्हा कोणतेही तांत्रिक कौशल्य सिद्ध करीत नाही, म्हणजे मारामारीत, अमली पदार्थांच्या व्यवहारात किंवा चोरीत ज्याने शिक्षा भोगली, त्याला या उदारतेतून काय मिळते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील मिलवॉकी या शहराकडे वळू. २००१ साली डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ संशोधिकेने तेथे एक प्रयोग केला. दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय असे चार तरुण तिने साडेतीनशे मालकांकडे प्राथमिक स्तरावरील नोकऱ्यांसाठी पाठवले. चौघांची शैक्षणिक पात्रता व अनुभव सारखे दाखवलेले होते. आळीपाळीने एकाच्या अर्जात अमली पदार्थांच्या गुन्ह्याबद्दल अठरा महिन्यांच्या तुरुंगवासाची काल्पनिक नोंद असे. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवाराला १०० पैकी ३४ ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्याला १७. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ आणि नोंद असलेल्या कृष्णवर्णीयाला अवघी ५. म्हणजे ज्याने कोणताही गुन्हा केला नाही तो कृष्णवर्णीय तरुण, तुरुंगातून आलेल्या गोऱ्या तरुणाच्याही मागे होता. त्याच्या अर्जावर नसलेली ओळ मालकाने त्याच्या चेहऱ्यावर वाचली होती.

याच मिलवॉकीतील संघीय न्यायालयात जुलै २०१९ मध्ये मार्कस हचिन्स या इंग्लिश तरुणाच्या खटल्याचा निकाल लागला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने जगभर, विशेषतः ब्रिटनच्या रुग्णालयांत हाहाकार माजवला असता, तिच्या रचनेत सापडलेला एक पत्ता दहा-अकरा डॉलर भरून आपल्या नावे नोंदवून हचिन्सने तिचा प्रसार थोपवला होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याला अमेरिकेत अटक झाली. काही वर्षांपूर्वी, कोवळ्या वयात, बँकखाती लुटणारी प्रणाली लिहिण्यात त्याचा हात होता. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी नंतरचे सत्कृत्यही जमेस धरले आणि आधीच भोगलेल्या कोठडीवर व वर्षभराच्या देखरेखीवर प्रकरण मिटवले. निकाल योग्यच होता असे आमचे मत आहे. परंतु त्याच शहरात अठरा वर्षांपूर्वी साध्या नोकरीच्या दारातून परत फिरलेल्या अर्जदारांपाशी जग वाचवल्याचा पुरावा नव्हता. सामान्य माणसाला सामान्य काम मिळण्यासाठी असामान्य पराक्रमाची अट घालणे, हे या उदारतेचे खरे स्वरूप आहे.

ही अट मोडू पाहणारे दोन प्रयत्न येथे नोंदवायला हवेत. पहिला, तुरुंगातच विद्या नेण्याचा. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात २०१० मध्ये ख्रिस रेडलिट्झ व बेव्हर्ली पॅरेंटी यांनी ‘द लास्ट माइल’ हा उपक्रम सुरू केला आणि २०१४ पासून तेथे बंदिवानांना संगणक-लेखन शिकवले जाऊ लागले. तुरुंगात इंटरनेट नाही. बाहेरच्या जगाची नक्कल करणाऱ्या बंद यंत्रणेवर ही माणसे संकेतस्थळे बांधायला शिकली. समुद्र न पाहता नाव बांधण्यासारखेच हे. २०१८ मध्ये ‘स्लॅक’ या कंपनीने अशा सुटलेल्या व्यक्तींना उमेदवारीवर घेण्याची योजना आखली. येथे गुन्हा आणि कौशल्य यांचा परस्परसंबंध नाही. गुन्हा आधीचा, विद्या नंतरची. व्हालज्याँचा क्रम हाच होता.

दुसरा प्रयत्न अर्जावरील ती ओळच काढून टाकण्याचा. ‘तुम्हांला कधी शिक्षा झाली आहे काय?’ या प्रश्नापुढील चौकोन प्राथमिक अर्जातून काढावा, अशी मागणी २००४ पासून अमेरिकेत स्वतः शिक्षा भोगलेल्या लोकांच्या संघटनेने लावून धरली. हवाई राज्याने तर १९९८ मध्येच तसा कायदा केला होता. २०१९ मध्ये संघीय नोकऱ्यांसाठीही तो झाला. मात्र या सुधारणेची कहाणी सरळ नाही. अमांडा अगन आणि सोंजा स्टार यांनी न्यू जर्सी व न्यू यॉर्कमध्ये सुमारे पंधरा हजार काल्पनिक अर्ज पाठवून २०१८ मध्ये असे दाखवले की चौकोन होता तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ७ टक्के अधिक प्रतिसाद मिळत असे, आणि चौकोन गेल्यावर हीच तफावत ४३ टक्क्यांवर गेली. संहितेतील रिकामी जागा वाचक आपल्या पूर्वग्रहाने भरतो, हे वाचकलक्ष्यी समीक्षेचे परिचित तत्त्व येथे इतक्या क्रूर रीतीने सिद्ध झाले. यावरून चौकोन परत आणावा असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. ओळ पुसणे आवश्यक आहे, पुरेसे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेचा इतिहास सांगून आपण सुरक्षित अंतरावर उभे राहू शकत नाही, कारण नोंदीचे तंत्रज्ञान घडवण्यात आपल्या भूमीचा मोठा वाटा आहे. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करून गुन्हेगार ओळखण्याचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात उभे राहिले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलेल्या त्या पद्धतीची गणिती बैठक घालण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे श्रम होते. त्याआधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कागदावरची नोंद व्यक्तीकडून काढून अख्ख्या जमातीला लावली होती, आणि १९११ च्या कायद्याने तिची व्याप्ती सर्व ब्रिटिश इलाख्यांवर पसरली. जन्म हीच शिक्षेची नोंद झाली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेली माणसे शहरातील कापडगिरण्यांत कामाला जात. गिरणी हे त्या काळचे प्रगत तंत्रज्ञानच. म्हणजे तंत्रज्ञानाला या माणसांचे हात चालत होते. फक्त हजेरी दोन ठिकाणी होती, एक यंत्रापाशी आणि एक पोलिसांपाशी. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या राज्यांच्या कायद्यांतून आणि पोलिसांच्या सवयींतून त्याची सावली उरली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आपण वर्गात आत्मकथन म्हणून शिकवतो. गुन्हेगारी नोंद घेऊन जन्मलेल्या माणसाने कामधंदा शोधण्याचा इतिहास म्हणूनही ते वाचले गेले पाहिजे.

२००५ साली पुण्यातील एका बीपीओ केंद्रातील कर्मचाऱ्यांनी परदेशी बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकरण गाजले. पुढील वर्षी माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेने कर्मचाऱ्यांची ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू केली: ओळख, शिक्षण व पूर्वीच्या नोकऱ्या यांची पडताळणी केलेली, बोटांच्या ठशांसह साठवलेली नोंदवही. ग्राहकाच्या पैशाची काळजी घेणाऱ्या उद्योगाला पडताळणी हवी, हे मान्यच आहे. प्रश्न पुढचा आहे: पडताळणीत काही सापडले तर ते वाचायचे कसे?

आपल्या कायद्यात या वाचनाची सूत्रे अगदीच नाहीत असे नव्हे. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, प्रोबेशनवर सोडलेल्या व्यक्तीला शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे चोविसावे कलम बालवयातील अपराधाबाबत तेच सांगते आणि काही अपवाद वगळता नोंद नष्ट करण्याचीही तरतूद करते. २०११ मध्ये, तरुणपणीच्या एका मारामारीचा मिटलेला खटला अर्जात न लिहिलेल्या दिल्लीच्या पोलिसभरतीतील उमेदवाराच्या बाजूने निर्णय देताना, न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी चक्क ज्याँ व्हालज्याँचे उदाहरण दिले! २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने अधिक रेखीव सूत्र मांडले: विचारलेली माहिती खरी द्यावी, परंतु क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणात मालकाने तारतम्याने दुर्लक्ष करावे. हे सर्व निर्णय प्रामुख्याने सरकारी नोकऱ्यांविषयीचे आहेत. खासगी कंपनीने चौकोन केव्हा पुढे करावा आणि त्यातील उत्तर कसे तोलावे, हे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. शिवाय फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पारपत्रासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि परदेशी प्रकल्पावर जाण्याची संधी ज्या व्यवसायात बढतीची पायरी असते तेथे ही अडचण किती मोठी, हे सांगायला नको.

हा विषय साहित्याच्या शिक्षकांनी का हाताळावा, असे कोणी विचारील. आमच्या मते तो मुळात वाचनाचा विषय आहे. तक्रारीची नोंद, दोषारोपपत्र, निर्दोष सुटका आणि शिक्षा हे चार वेगळे शब्द आहेत आणि चौकोन एकच असतो. मोर्चात धरपकड झालेला विद्यार्थी, भावकीच्या भांडणात नाव गोवले गेलेला तरुण, विमुक्त जमातीच्या आडनावामुळे चौकशीला नेहमी पहिला बोलावला जाणारा पदवीधर, आणि खरोखर गुन्हा करून शिक्षा भोगलेला माणूस, या सर्वांना त्या चौकोनात एकच खूण करावी लागते. त्यांपैकी पहिले तिघे निर्दोष आहेत म्हणून त्यांची बाजू घेणे सोपे आहे. कसोटी चौथ्याच्या बाबतीत लागते. त्याने गुन्हा केला, शिक्षा संपवली. आता त्याला संगणकासमोर बसून आठ तास काम करायचे आहे. तो मॉरिस नाही, हचिन्स नाही. त्याच्या शिफारसपत्रावर सही करताना आपण त्याच्या आयुष्याचे कोणते प्रकरण शेवटचे मानतो?

तंत्रज्ञानाच्या इतिहासाने प्रतिभावान अपराध्याला जागा दिली, हे खरे. सामान्य अपराध्याला ती देण्याइतका तो अद्याप उदार झालेला नाही. व्हालज्याँच्या गावाने त्याची प्रतिभा पाहून त्याला थारा दिला नव्हता. आधी थारा मिळाला, म्हणून लाखेचे मणी झाले. त्याच्या पारपत्राचा रंग त्या संध्याकाळी कोणी पाहिला असता, तर त्या गावाला आपण काय गमावले हे कधी कळलेही नसते.